फेरिटिनचा आकडा वाचण्याआधी सीआरपी बघा

माझ्याकडे नवीन संशोधक विद्यार्थी आला की पहिला आठवडा मी त्याला पिपेट हातात देत नाही. रक्ताच्या नमुन्यांसोबत आलेले फॉर्म वाचायला बसवते. गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, जुलाब झाले होते का, हा रकाना भरलाय की रिकामा, एवढंच बघायला सांगते.

याला कारण आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पाच वर्षांखालच्या मुलांच्या एका गटाचं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, मोजलं होतं. हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन मात्र पंचवीस मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. ‘लोह पुरेसं आहे’ असं लिहून मी मोकळी झाले. गाईडनी विचारलं, “यातली किती मुलं त्या आठवड्यात आजारी होती?” फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. उरलेल्या सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) सीआरपी, म्हणजे संसर्ग किंवा दाह असताना रक्तात वाढणारं प्रथिन, मोजली, तर निम्म्याहून जास्त मुलांत वाढलेली. ज्यांना पुरेसं लोह आहे असं मी म्हटलं होतं, त्यातली बरीच मुलं लोहाला मुकलेली होती.

संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. पेशीतून लोह बाहेर पडण्याचा दरवाजा ते बंद करतं, त्यामुळे लोह मॅक्रोफेजमध्येच, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमध्येच, अडकून राहतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, ते त्यांच्या हाती लागू नये म्हणून शरीराची ही तजवीज. याच काळात फेरिटिन वर चढतं, शरीरातला साठा वाढलेला नसतानाही. झिंक आणि रेटिनॉल (जीवनसत्त्व अ) उलट खाली येतात, म्हणजे तिथे नसलेली कमतरता दिसू शकते.

आता कामाला लागू. रक्त साध्या नळीत घ्या, गोठायला अर्धा तास उभं ठेवा, मगच सेंट्रिफ्यूज करा. सीरम निघालं की नळी पांढऱ्या कागदासमोर धरा. गवतासारखा फिका पिवळा रंग हवा. गुलाबी झाक दिसली तर तांबड्या पेशी फुटल्यात, आणि त्या पेशींमध्ये स्वतःचंही फेरिटिन असतं. झिंकचंही तेच. अशी नळी वहीत नोंदवून बाजूला काढा. ‘थोडंच गुलाबी आहे’ म्हणून पुढे रेटू नका. झिंक मोजायचं असेल तर त्यासाठीची वेगळी नळी लागते, आणि रक्त किती वाजता व जेवणानंतर किती वेळाने घेतलं तेही लिहायचं. सीरमचे लगेच छोटे अलिकोट, म्हणजे वेगवेगळ्या नळ्यांतले छोटे वाटे, करून उणे ८० अंश सेल्सियसच्या फ्रीजरमध्ये टाका. एकच मोठी नळी पुन्हा पुन्हा वितळवणं ही सवय पहिल्याच दिवशी मोडा.

फेरिटिनसोबत दोन प्रथिनं मोजायचीच: सीआरपी आणि एजीपी, हेही संसर्गात वाढणारंच. एकावर भागत नाही. सीआरपी काही तासांत चढते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि संसर्ग सरला की झपाट्याने उतरते. तिचं अर्धायुष्य जेमतेम १९ तासांचं. एजीपी सावकाश चढतं आणि बराच काळ रेंगाळतं. ५ मिलिग्रॅम प्रति लिटरवर सीआरपी आणि १ ग्रॅम प्रति लिटरवर एजीपी, या नेहमीच्या रेषा. फक्त सीआरपी वर असेल तर आजार नुकताच सुरू झालाय, दोन्ही वर असतील तर मधला टप्पा, फक्त एजीपी वर असेल तर मूल सावरतंय. हे मूल आईच्या कडेवर हसत-खेळत आलेलं असतं, म्हणून हाच गट हमखास निसटतो.

ही प्रथिनं मोजायच्या एलायझा चाचणीची प्लेट लावताना प्रत्येक नमुना दोन विहिरींत, म्हणजे प्लेटवरच्या दोन खळग्यांत. दोन आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, पुन्हा लावा. सीआरपी खूपच जास्त असलेला नमुना पुरेसा पातळ केला नाही तर काही किटमध्ये आकडा खोटा कमी येतो. संशय आला की आणखी पातळ करून तपासा.

आता आकडा वाचायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी मुलांत, पाच वर्षांखाली, १२ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली लोहाची कमतरता. संसर्ग किंवा दाह असेल तर हीच रेषा ३० वर जाते. त्याहून मोठ्यांसाठी १५ आणि ७०. दुसरा मार्ग म्हणजे सीआरपी-एजीपी धरून गणिताने फेरिटिन दुरुस्त करणं. दोनपैकी एकच वापरा. दुरुस्त केलेल्या आकड्याला वाढीव रेषा लावलेले तक्ते मी पाहिलेत. त्यात जवळपास सगळीच मुलं कमतरतेत जातात.

ही काटेकोरी मला अत्यावश्यक वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या चाचणीत, मलेरियाच्या भागात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अॅसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले. आपला तक्ता वाचूनच कुणीतरी गोळ्या वाटायचं ठरवणार असतं.

सीआरपी वाढलेल्या मुलाला शक्य असेल तर पुन्हा बोलवा. एजीपी उतरायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको, तीन-चार आठवडे जाऊ द्या. नवा नमुना आला की फ्रीजरमधला जुना अलिकोट काढा आणि दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावा.