एक धडा घ्या, मग इंटरनेट उघडा

"मोफत शिकण्यासाठी चांगली साइट कोणती?" हा प्रश्न मला पालकही विचारतात आणि सहकारी शिक्षकही. मी दहावीला विज्ञान शिकवते. साइटचं नाव सांगण्याआधी मी विचारते, "शिकायचंय काय?" कारण मोफत साहित्याची आज वाण नाही. खरी अडचण अशी की माणूस साइटवर जातो, तासभर इकडेतिकडे फिरतो, चार व्हिडिओ अर्धे बघतो आणि थकून बाहेर पडतो. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी एक धडा ठरवायचा आणि त्याच्यासाठी लागेल तेवढंच शोधायचं.

इथे मी दहावीच्या विज्ञानातलं "विद्युतधारेचे परिणाम" हे प्रकरण उदाहरणाला घेते. तुमचा विषय इतिहास असो की व्याकरण, क्रम हाच ठेवता येईल.

पायरी १ : प्रश्न वहीत लिहा

धड्याचं नाव पुरेसं नाही. "विद्युत मोटर" असं शोधलं तर हजार गोष्टी समोर येतात. "मोटर अर्ध्या फेरीनंतर उलटी का फिरत नाही?" असा प्रश्न वहीत असेल तर समोरचा व्हिडिओ कामाचा आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळतं. एका धड्याला दोन-तीन प्रश्न पुष्कळ झाले.

पायरी २ : पाठ्यपुस्तक उतरवून घ्या, आणि दोन माध्यमांतलं घ्या

बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. इयत्ता आणि माध्यम निवडायचं, फाइल उतरवायची. हे बहुतेकांना माहीत असतं. पण एकच पुस्तक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत उतरवून शेजारी शेजारी उघडायचं, हे फार कमी जण करतात. माझ्या मते मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंटरनेटवरची सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

कारण सांगते. अकरावी विज्ञानाला गेल्यावर आमच्या मुलांना विषय जड जात नाही, शब्द जड जातात. विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स आणि दिक्परिवर्तक म्हणजे कम्युटेटर हे आयत्या वेळी कुणी सांगत नाही. मूल गप्प बसतं आणि आपल्याला काही येत नाही असं धरून चालतं. ते गप्प बसणं मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. दोन्ही माध्यमांची विज्ञानाची पुस्तकं एकाच मजकुराची असतात. प्रकरणांचा क्रम तोच, आकृत्याही त्याच. एका आकृतीवरची मराठी नावं आणि दुसऱ्या आकृतीवरची इंग्रजी नावं समोरासमोर ठेवून वहीत दोन रकाने करायचे. दिवसाला पाच शब्द. दहावीच्या सुट्टीत मूल अख्खं पुस्तक असं पुरं करू शकतं, आणि त्याला ना क्लास लागतो ना गाइड.

पुस्तकात नसलेला शब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. भौतिकशास्त्र, गणित, वाणिज्य असे विषयवार कोश असून त्यांत मोफत शोधता येतं.

पायरी ३ : क्यूआर कोड वापरा, पण आधी स्वतः बघा

पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन होतात. दीक्षा ही केंद्र सरकारची सोय २०१७ पासून सुरू आहे. फोनचा कॅमेरा नीट चालत नसेल तर कोडाखालची सहा अक्षरं टाइप करूनही तोच धडा उघडतो. वर्गात मागच्या बाकावर पुस्तक फाटलेलं असतं तेव्हा ही सहा अक्षरं उपयोगी पडतात. साहित्य ॲपमध्येच उतरवून ठेवता येतं आणि नंतर नेटशिवाय चालतं.

एक मात्र खरं, सगळे व्हिडिओ सारखे चांगले नाहीत. काही फार सुंदर आहेत, काहींमध्ये पुस्तकातलीच वाक्यं वाचून दाखवलेली आहेत. मुलांना देण्यापूर्वी शेवटपर्यंत बघा. तुमच्या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसेल तर सोडून द्या.

पायरी ४ : बघण्याच्या पुढे जा, हाताने करा

बोल्डरच्या कोलोराडो विद्यापीठात २००२ साली फेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी तो उभा केला. यात छोट्या चालत्या प्रतिकृती आहेत. फॅरेडेच्या नियमाची प्रतिकृती उघडली की पडद्यावर एक चुंबक, एक तारेचं वेटोळं आणि एक दिवा दिसतो. चुंबक बोटाने वेटोळ्यात सरकवला की दिवा लागतो, थांबवला की विझतो. "चुंबक आत आहे, तरी दिवा का विझला?" हा प्रश्न मूल स्वतः विचारतं, आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे चुंबक हलवून तारेत वीज निर्माण होणं, तिथेच निम्मं कळतं. प्रत्येक प्रतिकृतीच्या पानावर भाषांतरांची यादी असते. तिच्यात मराठी आहे का ते पाहा आणि असेल तर मराठी फाइल उतरवून घ्या. ती साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

यापुढचं पाऊल म्हणजे खरी वस्तू. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या फिल्म आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. त्यांची सेलवरची मोटर मी दरवर्षी वर्गात करते.

एक मोठा सेल घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना टेकवून वरून रबरबँड किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवा. सेलवर चुंबक ठेवा, जुन्या स्पीकरमधला चालतो. इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) लावलेली तांब्याची तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात तुकड्याने मिळते. ती सेलभोवती दहा-बारा वेढे गुंडाळून काढली की वेटोळं तयार होतं. त्याची दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढून पिनांच्या छिद्रांत अडकवायची.

सगळी गंमत टोकं खरवडण्यात आहे. एका टोकाचं इनॅमल चारही बाजूंनी खरवडायचं. दुसऱ्याचं, वेटोळं उभं धरून, फक्त वरच्या निम्म्या बाजूचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं जागच्या जागी डुलत राहतं. अर्ध्या फेरीत बल एका दिशेने ढकलतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत उलट्या दिशेने. इनॅमल राखलेली बाजू पिनेला टेकते तेव्हा विद्युतधारा तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगाने ती अर्धी फेरी पुरी करतं. पुस्तकातल्या मोटरमध्ये धारेची दिशाच बदलून दिक्परिवर्तक हे काम आणखी चांगलं करतो. मी मुद्दाम पहिलं वेटोळं पूर्ण खरवडलेलं देते. ते डुलताना बघून मुलं जे विचारतात, तोच पहिल्या पायरीतला प्रश्न असतो.

वेटोळं अडकून थांबलं तर लगेच बाजूला काढा. तार आणि सेल तापतात.

पायरी ५ : खात्री करून घ्या

मराठी विश्वकोश पूर्ण स्वरूपात मोफत वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. वाईला बसून झालेलं हे काम आपल्या भाषेचं मोठं धन आहे. शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या नोंदींत "विद्युत्" असं पाय मोडून लिहिलेलं असतं, त्यामुळे शब्द सापडला नाही तर दोन्ही प्रकारे लिहून बघा. आणि तत्त्वं, इतिहास, व्याख्या तिथून निर्धास्त घ्या, पण लोकसंख्या, उत्पादन यांचे आकडे जुने असू शकतात.

इतर विषयांसाठी थोडक्यात

लहान मुलांच्या वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, उतरवून छापता येतात, वर्गासाठी भाषांतरही करता येतं. परदेशात घरी मराठी शिकवणाऱ्या आईवडिलांनी पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी, मुलाचं वय कितीही असो. संगणकासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जायचं. कॉलेजच्या मुलांना एनपीटीईएल आणि स्वयं या ठिकाणचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. तिथे शिकणं मोफत असतं, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडतं.

"मोफत" म्हणत आधी कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणाऱ्या ठिकाणी थांबू नका. ज्यांची नावं वर दिली, त्यांतलं साहित्य वाचायला-बघायला पैसे लागत नाहीत.

पायरी ६ : आदल्या रात्री सगळं उतरवून ठेवा

एका वर्षी मी वर्गात थेट व्हिडिओ लावला. चाळीस मुलं पडद्याकडे बघत होती आणि पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत होतं. तास गेला. त्यानंतर मी नेटच्या भरवशावर तास घेतलेला नाही. प्रत्येक धड्याचं एक फोल्डर करा आणि फाइलला कळेल असं नाव द्या. "१० विज्ञान मोटर ३ मिनिटं" असं नाव असलं की वर्षानंतरही सापडतं. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा.

त्याच फोल्डरमध्ये मी एक साधी टिपणाची फाइल ठेवते आणि तास झाल्याबरोबर दोन ओळी लिहिते. मोटरच्या फोल्डरमधली शेवटची ओळ अशी आहे: "सेल नवेच आणणे. बारीक तारेचं वेटोळं वाकतं, जाड तार मागणे. खरवडायला पॉलिश पेपर प्रत्येक गटाला वेगळा."