एकाच माळावर तीन शिबिरं

मुलांच्या निवासी शिबिराचं वेळापत्रक एकदा बनतं आणि मग तेच जुलै, डिसेंबर आणि मे अशा तिन्ही महिन्यांत फिरवलं जातं. निम्मा गोंधळ तिथेच ठरतो. मावळ-मुळशी असो की अकोले-जव्हार, सह्याद्रीच्या पायथ्याचा तोच माळ जुलैत चिखल असतो, डिसेंबरात रात्री बर्फासारखा गार पडतो आणि मेमध्ये तवा होतो. म्हणून आधी ऋतू बघायचा, मग कार्यक्रम. खालचा हिशेब ८ ते १३ वयाची ४० मुलं आणि तीन मुक्काम धरून केला आहे.

आठ-आठ मुलांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा, स्वयंपाकघरात दोघं आणि एक माणूस पूर्ण मोकळा. या मोकळ्या माणसाला लोक कामाला लावतात, ते करू नका. एखाद्या मुलाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर कुठलाच गट वाऱ्यावर पडू नये, यासाठी तो आहे. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात हवी.

जागा ज्या ऋतूत शिबिर आहे त्याच ऋतूत बघून या. मेमध्ये बघितलेल्या कोरड्या ओढ्यावरून जुलैचा अंदाज येत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष (सापाचं विष उतरवणारं इंजेक्शन) शिल्लक आहे का ते विचारा आणि माळापासून तिथवर गाडीला खरोखर किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा शोधा आणि तिथल्या दगडावर चुन्याची खूण करा. जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी लेखी घ्या.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये तंबूचा हट्ट सोडा. गावातली शाळा, देवळाचा सभामंडप, शेतावरची पक्की पडवी, काहीही चालेल. डोक्यावर छप्पर आणि खाली कोरडी फरशी हवी. दिवसभर भिजलेलं मूल रात्री कोरडं झोपलं तर दुसऱ्या दिवशी परत आनंदाने भिजतं.

कपड्यांचं गणित सोपं आहे, पण पालकांना आधी सांगावं लागतं. बाहेरचा एकच जोड: तो भिजणार, रात्री पिळून दोरीवर जाणार आणि सकाळी ओलाच पुन्हा अंगावर चढणार. मुलं कुरकुरतात, पालक त्याहून जास्त. पण रोज नवा जोड भिजवला की तिसऱ्या रात्री कुणाकडेच कोरडं काही उरत नाही. झोपायचे कपडे आणि पांघरूण जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून बांधून, सॅकच्या आत. सॅकवरचं कव्हर पाठीकडून भिजतंच, त्याच्या भरवशावर राहू नका. जीन्स नको, ओली जीन्स वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. उतारावर छत्रीही नको, कारण एक हात अडकतो आणि घसरल्यावर टेकायला तो हात मिळत नाही.

पाय हा पावसाळी शिबिराचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. रोज संध्याकाळी गटाने गोल बसून पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, पावडर लावायची. दोन दिवस हे चुकलं की चिखल्या होतात आणि मूल लंगडायला लागतं.

जळवांची भीती मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त असते. मोजे पँटच्या बाहेरून वर ओढा, त्यांवर मिठाचं दाट पाणी लावा. पावसात ते धुऊन जातं, तेव्हा दर तासाला परत लावा. जळू चिकटलीच तर नख तिच्या तोंडाखाली सरकवून सोडवा, ओढून काढू नका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. धुवा, कापूस दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही.

भाताची आवणी हा या दिवसांतला सर्वांत चांगला उद्योग, फक्त तो शेतकऱ्याच्या कामात अडथळा होता कामा नये. एखादं लहान खाचर आधी ठरवून घ्या आणि त्याचे पैसे द्या. मुलांनी लावलेलं थोडंफार पुन्हा लावावं लागतं, हे दोघांनाही माहीत असतं. एका वेळी आठ मुलं, पाऊण तास. रोपं साधारण तीन आठवड्यांची असतात. दोन-तीन रोपं एकत्र धरायची आणि बोटांची पहिली दोन पेरं जातील इतकीच चिखलात खोचायची, दोन चुडांत वीतभर अंतर ठेवून. मुलं हमखास मनगटापर्यंत दाबतात. तसं खोल गेलेलं रोप जगतं, पण त्याला फुटवे कमी येतात. ज्याच्या पायाला जखम आहे त्याने बांधावर बसून रोपं पुरवायची. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची लागण मुख्यतः जखमेवाटे होते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'चिखलात उतरला होता' हे सांगा, अशी चिठ्ठी प्रत्येक पालकाच्या हातात द्या.

पर्जन्यमापक तासाभरात होतो. सरळ भिंतींची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा. तळ खडबडीत असतो म्हणून आधी खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत भरा, तिथे शून्याची रेघ. वर पट्टी चिकटवा. जागा उघडी हवी. झाडाखाली ठेवलेली बाटली झाडाचा पाऊस मोजते. नोंद सकाळी साडेआठला घ्या, हवामान खातं दिवसाचा पाऊस त्याच वेळी मोजतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग अंगणाचं क्षेत्रफळ काढून किती बादल्या पडल्या ते मुलं आपणहून मोजू लागतात.

रानभाज्या ओळखायला गावातल्या मावशी सोबत हव्यात. टाकळा, कुर्डू, भारंगी मुलं पटकन ओळखायला शिकतात. पण चाखायचं काहीच नाही, शिजल्याशिवाय तर नाहीच. शेवळं ही रानभाजी काकडांशिवाय, म्हणजे त्या आंबट रानफळांशिवाय, शिजवली तर घसा असा खाजतो की रात्र त्यातच जाते.

ओढ्याबाबत एकच नियम, आणि त्यात सूट नाही: मोठ्या माणसाच्या गुडघ्यावर पाणी असेल तर ओलांडायचा नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, आवाज बदलला, की वर कुठेतरी पाऊस झालाय असं समजून ताबडतोब काठावर चढा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

हिवाळा

तंबूंचा खरा मोसम हा. जागा किंचित उंच आणि सपाट निवडा. खोलगट भागात थंड हवा साठते आणि पहाटे दवही जास्त पडतं. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोकायची. आत कललेली किंवा उभी खुंटी ताण आल्यावर उपटून येते. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावत असेल तर दुमडून आत घ्या, नाहीतर तिच्यावर पडलेलं दव थेट अंथरुणाखाली येतं. रात्री वरच्या जाळीच्या खिडक्या पूर्ण बंद करू नका. तीन मुलांच्या श्वासाची वाफ कापडावर जमते, सकाळी ठिबकते आणि 'तंबू गळतो' अशी तक्रार येते.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. दोन पांघरुणं आणि खाली नुसती चटई असेल तर मूल कुडकुडतं. एक पांघरूण आणि खाली पेंढ्याचा चार बोटं थर, वर गोधडी, असं असेल तर शांत झोपतं. दिवसाचे घामट मोजे काढून कोरडे घातलेत ना, हे गटाच्या ताईने हात लावून बघायचं. नुसतं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात.

आकाशासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, त्याच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. ध्रुव मात्र मुठींनी मोजून दाखवा. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. पुण्याचं अक्षांश साडेअठरा, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे माप जुळतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. मुलांना नऊला झोपवून दोनला उठवा, तेव्हा मिथुन रास डोक्यावर असते. दोनला सगळी उठत नाहीत. न उठणाऱ्याला ओढू नका.

पाऊलखुणांचे साचे पाणवठ्याच्या ओल्या मातीत चांगले येतात. पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती रोवा. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन वाट्या, पाणी एक वाटी. पाण्यात भुकटी घालायची, उलट केलं तर गुठळ्या होतात. मिश्रण ठशाच्या कडेला ओतून आत वाहू द्या, थेट ठशात ओतलं तर बारीक नखांच्या खुणा मोडतात. अर्ध्या तासाने उचला, माती दुसऱ्या दिवशी ब्रशने झाडा. प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून 'माझ्या हाताचा साचा' म्हणत कुणी त्यात हात घालत नाही ना ते बघा. भाजल्याच्या जखमा होतात.

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, हे बाराही महिने. कोकणपट्टीत लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्याच्या दंशावरचा उपचार बदलला. पूर्वी दगावणारी मुलं आता वाचतात, पण वेळेत दवाखान्यात पोहोचली तर. घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय दिसले तर थांबू नका. साप चावल्यावर चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र, सगळं बाजूला. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, मुलाला चालू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि वाट न बघता गाडी काढा.

उन्हाळा

मेमध्ये दिवस दोन तुकड्यांत जगायचा: पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ सावलीत गोष्टी, विणकाम, झोप. पाणी मुलांच्या तहानेवर सोडू नका. शिट्टी वाजली की अर्धा पेला, दर अर्ध्या तासाने. शेंगा-गुळाचा लाडू आणि कोकम सरबत सोबत. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ जास्त पडलं तर ते पाणी फायद्याऐवजी नुकसान करतं, म्हणून चमचा सपाट आणि चहाचाच.

भर दुपारी बाहेर येण्याचं एकच कारण: शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो क्षण. पुण्यात ती १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबारानंतर एखाद्या मिनिटाने येते. दक्षिणेला कोल्हापुरात आठवडाभर आधी, उत्तरेला नाशिकमध्ये काही दिवस नंतर. ओळंबा लावून काठी उभी करा, बारापासून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. काठी जराशी कलली तरी सावली उरते आणि मुलं 'झालीच नाही' म्हणतात.

मेअखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे असतात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद, झाडाखाली शिरायचं नाही, बाटलीत पकडायचं नाही. काजव्यांचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. आपल्या बॅटऱ्यांनी ती हाक बुजते.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चालू ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आला की खेळ बंद, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली तर नाहीच. शेकोटीही या दिवसांत नको. वाळल्या गवतावर एक ठिणगी पडली की वणवा. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद आणि वाट बदला.

चूल, पाणी, रात्र

४८ माणसांच्या खिचडीला तांदूळ चार किलो, मुगाची डाळ दीड किलो, पाणी वीस-बावीस लिटर, म्हणजे पातेलं निदान पस्तीस लिटरचं. मीठ आधी दीडशे ग्रॅम, पुढे चव बघून. मिरच्या चिरू नका, अख्ख्या टाका, म्हणजे लहान मुलं बाजूला काढू शकतात. लाकडाच्या चुलीवर तळ करपतो तो शेवटच्या दहा मिनिटांत: पाणी आटत आलं की जळती लाकडं ओढून घ्या आणि झाकणावर निखारे ठेवा. दुपारचा भात रात्री वाढायचा नाही, गरम केल्यानेही त्यातला धोका जात नाही. तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतुक होत नाही. नितळून मग खळखळ उकळा.

संडासाचे चर पाण्यापासून पन्नास-साठ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, हातभर खोल, शेजारी राखेची बादली.

घरची आठवण अंधार पडताना येते. त्या वेळी हातात काम द्या, पोळ्या मोजायचं किंवा कंदील पुसायचं. घरी फोन लावून देऊ नका. आवाज ऐकला की रडं वाढतं, दोन्हीकडे. पालकांशी ताईने बोलावं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांची नावं पालकांकडून आधीच गुपचूप घ्या, रात्री साडेदहाला त्यांना उठवून न्या आणि सकाळी ओली गोधडी इतरांच्या आधी उन्हात टाका, 'आज सगळ्यांच्याच गोधड्या वाळवायच्या' असं म्हणत.

शेवटच्या सकाळी तंबू दवाने ओले असतात आणि बस दारात उभी असते. ओले गुंडाळले तर घरी गेल्यावर त्याच दिवशी पसरा. आठवडा गेला की बुरशी धरते आणि आतला लेप चिकट होऊन सुटतो. चर बुजवा, चुलीची राख पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत कालवा आणि गटांना ओळीत उभं करून माळावरून एकदा चालवा. खुंट्या, चमचे आणि निदान अकरा मोजे मिळतात, सगळे वेगवेगळ्या जोडांतले.