लाकडी डेकवर प्रेशर वॉशर चालवायच्या आधी (नोझल बघा, नोझल!)

कुंड्या-खुर्च्या हलवा, झाडून घ्या, हे सांगायला नको. फळ्यांच्या फटीतला पाला मात्र पातळ पट्टीने उकरून काढा, भिजला की त्याचा लगदा होतो आणि पाणी खाली उतरतच नाही. वर आलेले खिळे ठोका, स्क्रू आवळा. फळी भुसभुशीत वाटली तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आरामात आत गेला तर ती फळी धुवायची नाही, बदलायची. डेक जुना असेल आणि रंगात शिसं किंवा लाकडाला आर्सेनिकवालं प्रक्रियेचं औषध असायची शंका असेल तर प्रेशर वॉशर विसरा, सगळा चुरा मातीत उडतो.

आता नोझल, म्हणजे नळीच्या टोकाची तोटी. मशीन भाड्याचं असो की कोणाकडून मागून आणलेलं, आधीच्या माणसाने काय लावून ठेवलंय ते बघा. रंगावरून धार किती अंशात पसरते ते कळतं, अंश जितके कमी तितकी धार बारीक आणि जोरदार: लाल म्हणजे ० अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणासाठी. डेकला पांढरं, फार तर हिरवं. रंग मातीने झाकला असेल तर अंगठ्याने पुसा, बहुतेक नोझलवर नंबर कोरलेला असतो, त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे अंश, १५०३० दिसलं तर ते पंधराचं आहे, काढा. काढायच्या आधी मशीन बंद करून ट्रिगर दाबा, पाइपातलं प्रेशर जाऊ द्या, नवं बसवल्यावर ओढून बघा. मागच्या वेळी ‘लावलेलंच आहे की’ म्हणून मी सरळ ट्रिगर दाबला, त्या फळीचा मऊ भाग खरवडून निघाला आणि कडक रेषा वर राहिल्या, पन्हाळीच्या पत्र्यासारखी झाली. म्हणून परत सांगतो, नोझल बघा.

आणि ते ‘टर्बो नोझल लावा, अर्ध्या वेळात काम’ वगैरे ऐकू नका, त्यात ० अंशाचीच धार गोल फिरते, काँक्रीटला ठीक आहे. ‘प्रेशर वाढवा, लाकूड नव्यासारखं होतं’ हे तर सगळ्यात वाईट. करडा रंग म्हणजे नुसता मळ नव्हे, उन्हाने वरच्या थरातलं लिग्निन (लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा पदार्थ) तुटलेलं असतं, आणि जोरात मारल्यावर जे नवं दिसतं ते लाकूड सोललं गेल्यामुळे. मळ क्लीनरने सुटतो, पाण्याने फक्त वाहून न्यायचा. पाइन-सीडरसारख्या मऊ लाकडाला ५००-६०० पीएसआय (पाण्याच्या प्रेशरचं माप) पुरे, कठीण लाकडाला १२०० पर्यंत. क्लोरीन ब्लीच नको, तंतू खराब करतं, सोडियम परकार्बोनेटवालं क्लीनर घ्या. झाडं आधी आणि नंतर साध्या पाण्याने भिजवा.

गॉगल, बंद बूट. बाहेरचे सॉकेट झाका. पेट्रोलचं मशीन बंदिस्त जागेत चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड. हाता-पायावर धार बसली आणि नुसतं टाचणीएवढं भोक दिसलं तरी लगेच हॉस्पिटल, पाणी आणि घाण आत खोल गेलेली असते, पट्टी चिकटवून बसू नका.

कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या फळीवर आधी करून बघा. त्याच्याही आधी नोझल बघा. ट्रिगर हवेत दाबायचा, मग धार फळीवर आणायची, नाहीतर सुरुवातीचा डाग कायमचा. दोन फुटांवरून सुरू करा, एका फुटाच्या आत जाऊ नका, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हात न थांबवता. मध्ये चहाला गेलात, दुसऱ्या कोणी मशीन धरलं? परत नोझल बघा.

मग साध्या पाण्याने धुवा. लोखंडाचे काळे डाग असतील तर ऑक्झॅलिक अॅसिड, हातमोजे घालून. किमान दोन दिवस वाळवा, दमट हवेत जास्त, ‘संध्याकाळी लगेच स्टेन (लाकडाचा रंग) मारा’ म्हणणाऱ्यांचा स्टेन पोपडे धरतो. लाकडाच्या तंतूंची उठलेली लव ६०-८० नंबरच्या सँडपेपरने घासा, धूळ काढा, पुढचं डब्यावर लिहिलेलं असतं.