साथीच्या दिवसांत कामगारांना आजार अंगावर काढायला लावू नका

साथ आली की कारखान्यात पहिली धावपळ मास्कसाठी होते. मी सुरक्षा विभागात काम करते आणि माझं म्हणणं असं, की आधी रजेचं बघा. खाडा पडला की पैसे कापले जाणार असतील, तर माणूस तापाची गोळी घेऊन पाळीवर येतोच. गोळीने उतरलेला ताप गेटवरच्या थर्मामीटरला कळत नाही. म्हणून भरपगारी आजारी रजा द्या आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी अडून बसू नका. कंत्राटी माणसांनाही तोच नियम. सफाई, सिक्युरिटी, कॅन्टीन यांची नावं यादीतून हमखास सुटतात, आणि सगळ्यांशी संपर्क त्यांचाच येतो!

मग आजार कसा पसरतो ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही 2 तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तिथे टेबलं पुसत बसून भागत नाही, खिडक्या उघडाव्या लागतात, एक्झॉस्ट चालू ठेवावा लागतो. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, हे लक्षात असू द्या. जेवणाच्या सुट्ट्या पाळीपाळीने द्या, कारण मास्क तिथेच उतरतात आणि गप्पाही तिथेच रंगतात.

नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांत सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणाने हात धुवायची सोय करा. कॅन्टीनमधल्या माणसाला त्रास थांबल्यावरही 48 तास स्वयंपाकाला लावू नका.

फरशी आणि कठड्यांसाठी 5 टक्क्यांचं ब्लीच असेल तर 1 भाग ब्लीचला 49 भाग पाणी, म्हणजे 10 लिटरला 200 मिली. अंदाजाने ओतू देऊ नका. बादलीवर आतून रेघ मारा, मापाचा कप तिथेच बांधून ठेवा, द्रावण रोज ताजं करा. आधी साबणाने घाण काढा, मग ब्लीच. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. मिसळणाऱ्या माणसाला हातमोजे आणि गॉगल द्यायलाच हवेत.

एन-95 नुसता वाटून उपयोग नाही. घातल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवून श्वास सोडायला सांगा. डोळ्यांकडे हवा लागली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची, गालाजवळून निसटली तर पट्टे मागे ओढायचे. तरीही निसटत असेल तर दुसरं माप आणा. दाढीवर तो घट्ट बसत नाही.

एखादा कामगार म्हणाला, "इथे जिवाला धोका आहे, मी थांबतो," तर आधी जागा तपासा, मेमो काढू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात गंभीर धोका समोर दिसत असताना काम सोडणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

आणि लागण झालेल्याचं नाव फलकावर लावू नका. कोणत्या पाळीत, कोणत्या विभागात रुग्ण सापडला एवढं सांगा. जे खरोखर जवळ होते त्यांना बाजूला बोलावून कळवा. नाव फुटलं, की पुढचा आजारी माणूस तोंड उघडत नाही.