परदेशात लैंगिक अत्याचार झाला तर: पहिल्या तासापासून काय करावं

डॉक्टरकडे जाणं आणि पोलिसांत तक्रार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आपल्या डोक्यात ती एकत्रच बसलेली असतात. दवाखान्यात गेलं की केस पेपरवर ‘एमएलसी’ (म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) पडणार, चौकीतून हवालदार येणार, जबाब होणार आणि संध्याकाळपर्यंत चार घरांत कळणार. या धास्तीने पुष्कळ मुली परदेशातही दवाखान्याची पायरी चढत नाहीत. तक्रार करायची की नाही, हे महिन्याने ठरवलं तरी चालतं. औषध आणि पुरावा मात्र तेवढे दिवस थांबत नाहीत.

हा लेख ब्रिटन समोर ठेवून लिहिला आहे. पुण्या-नाशिकहून, नागपूर-कोल्हापुरातून शिकायला आणि नोकरीला जाणारी कितीतरी मुलं तिथे आहेत. आखाती देशांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय, कारण तिथे क्रम बदलतो. आणि हे फक्त मुलींसाठी नाही. मुलांवरही अत्याचार होतात, त्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे.

पहिले काही तास

आधी त्या जागेतून बाहेर पडा. मैत्रिणीची खोली, चोवीस तास उघडं असलेलं दुकान, हॉस्टेलचं रिसेप्शन, कुठेही चालेल. धोका अजून टळलेला नसेल तर ९९९ हा तातडीचा नंबर लावा. मोबाईलवरून फोन लावला पण बोलता येत नाही अशी वेळ आली तर खोकून किंवा बटणं दाबून आपण लाइनवर आहोत हे कळू द्या आणि सूचना आली की ५५ दाबा, कॉल पोलिसांकडे जातो. अगदीच गप्प राहिलं तर तो तुटू शकतो. ५५ दाबल्याने तुमचा पत्ता आपोआप कळत नाही. म्हणून जमेल तेव्हा जागा सांगा, निदान समोरचा माणूस विचारेल त्याला हो-नाही करा.

मग सगळ्यात अवघड गोष्ट: आंघोळ करू नका. अंगावरून पाणी घ्यावं, कपडे जाळून टाकावेत, असं वाटणं अगदी साहजिक आहे. तरी जमेल तितकं थांबा. दात घासणं, चूळ भरणं, नखं कापणं, खोली आवरणं, हेही नको. कपडे बदललेच तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. तिथल्या दुकानांत मिळतात त्या खाकी पिशव्या चालतील. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते. आंघोळ करून झाली असेल, कपडे धुतले असतील, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. तपासणीला जा. पुष्कळदा काहीतरी मिळतंच, आणि औषधं तर लागणारच असतात.

पेयात काही मिसळलं असेल, रात्रीचं नीट आठवत नसेल, तर लघवीचा नमुना महत्त्वाचा. जीएचबीसारखं गुंगीचं द्रव्य साधारण बारा तासांत लघवीतून नाहीसं होतं. केंद्रापर्यंत थांबवत नसेल तर स्वच्छ बरणीत धरून झाकण लावून सोबत न्या. विचित्र वाटेल, पण तिथल्या नर्सला यात काही नवल नाही.

फोनमधलं काहीही डिलीट करू नका. मेसेज, टॅक्सीची नोंद, पबमधल्या पेमेंटची वेळ, सगळं राहू द्या. आठवतंय ते वेळेसह कागदावर उतरवा. मराठीत लिहिलं तरी चालेल.

जायचं कुठे

ब्रिटनमध्ये यासाठी ‘सेक्शुअल असॉल्ट रेफरल सेंटर’ असतात. बोलताना सगळे ‘सार्क’ म्हणतात (आपल्याला आठवते ती देशांची परिषद वेगळी). पहिलं केंद्र १९८६ साली मँचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सुरू झालं. लंडनमध्ये ‘द हेवन्स’ नावाची तीन केंद्रं आहेत: कॅम्बरवेल, पॅडिंग्टन आणि व्हाइटचॅपल. एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की जवळचं सापडतं. ते जमत नसेल तर त्यांच्याच १११ या नंबरवर फोन करून विचारा. स्कॉटलंडमध्ये यासाठी एकच नंबर आहे, ०८०० १४८ ८८८८, आणि तो चोवीस तास चालू असतो.

सरळ दार ठोठावण्यापेक्षा आधी फोन करून जा. एवढं म्हटलं तरी पुरे: ‘आय हॅव बीन सेक्शुअली असॉल्टेड. आय वॉन्ट टू कम टू द सार्क. आय नीड अ मराठी इंटरप्रिटर.’ दुभाषी मोफत मिळतो. दुभाषी ओळखीतला निघेल ही भीती खरी असते, आपली मंडळं तिथे लहानच. म्हणून दुसऱ्या शहरातला, फोनवरचा द्या असं सांगा. बाई डॉक्टर हवी, हेही आधीच सांगा.

पोलिसांचं नाव न काढता तुम्ही तिथे जाऊ शकता. अठरा वर्षांखाली मात्र मुलांच्या संरक्षणाचे नियम लागतात आणि पुढे कळवावं लागू शकतं. तपासणीत प्रत्येक टप्प्याआधी संमती विचारतात. ‘इथपर्यंत हो, पुढे नको’ म्हणता येतं. शरीरावरचे नमुने साधारण सात दिवसांपर्यंत मिळू शकतात, पण दर दिवसागणिक शक्यता कमी होत जाते. तक्रारीचं ठरलेलं नसेल तर बहुतेक केंद्रं नमुने जपून ठेवतात. किती काळ, ते विचारून घ्या. स्कॉटलंडमध्ये हा हक्कच २०२२ पासून कायद्याने मिळाला आहे आणि तिथे नमुने २६ महिने ठेवतात.

पैशाची चिंता करू नका. सार्कमध्ये व्हिसा कोणता, याला महत्त्व नाही. इंग्लंडमध्ये लैंगिक हिंसेमुळे लागणारे शारीरिक आणि मानसिक उपचार परदेशी पाहुण्यांनाही मोफत आहेत. सहा महिन्यांसाठी लेकीकडे बाळंतपणाला आलेल्या आईलासुद्धा.

औषधांची मुदत

एचआयव्ही टाळण्याचं औषध, ज्याला ‘पेप’ म्हणतात, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. पहिल्या चोवीस तासांत झालं तर उत्तम. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. रात्री सार्कचा फोन लागला नाही तर कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ए अँड ई (अपघात आणि तातडीच्या) विभागात जा आणि तिथे ‘पेप’ हाच शब्द वापरा. हेपॅटायटिस बीच्या लशीबद्दलही विचारा.

गर्भ राहू नये म्हणून आपल्याकडे ‘आय-पिल’ म्हणतात तेच औषध, लेवोनॉर्जेस्ट्रेल, तिकडेही फार्मसीत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. तिची मुदत ७२ तास. युलिप्रिस्टल नावाची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते. तांबी बसवणं यात सगळ्यात खात्रीचं आणि तीही पाच दिवसांत बसवता येते. साधारण दोन आठवड्यांनी गुप्तरोगांच्या तपासण्या होतात. ती तारीख पहिल्याच भेटीत घ्या, नाहीतर राहून जाते.

पोलीस, विद्यापीठ, व्हिसा

तक्रार करायची ठरली तर तातडी नसताना १०१ वर, किंवा सार्कमार्फत. आपल्या चौकीतल्या बाकावर बसून जबाब लिहून देण्याची कल्पना डोक्यातून काढा. बहुतेक वेळा प्रशिक्षित अधिकारी वेगळ्या खोलीत व्हिडिओवर जबाब नोंदवतात. सोबत ‘इस्वा’ मागा: ही पोलिसांची नव्हे, तुमच्या बाजूची स्वतंत्र सल्लागार असते, पहिल्या फोनपासून कोर्टापर्यंत. तक्रार केली नाही तरीही ती मिळते. इंग्लंडमध्ये बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही, आणि तुमचं नाव छापायला आयुष्यभर बंदी आहे. पोलिसांनी मोबाईल मागितला तर कशासाठी आणि नेमकं काय बघणार, हे लिहून मागा. २०२२ च्या कायद्यानुसार त्यासाठी तुमची संमती लागते. खटला उभा राहायला मात्र कधीकधी वर्षं लागतात.

विद्यापीठाला कळवणं हा वेगळा प्रश्न. आरोपी वर्गातला किंवा हॉस्टेलमधला असेल तर खोली बदलून मागता येते. परीक्षेला ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस’ (अपवादात्मक परिस्थिती) याखाली सवलत मिळते. आणि स्टुडंट व्हिसावर हजेरीची नोंद इमिग्रेशनशी जोडलेली असल्याने न सांगता तीन आठवडे खोलीत पडून राहणं महागात पडू शकतं. सगळं सांगायची गरज नाही, ‘गंभीर वैयक्तिक कारण’ इतकं कळवून रजा मंजूर करून घ्या.

अत्याचाराला बळी पडल्याने व्हिसा जात नाही. पण मुदत संपलेली असेल तर सावध राहा: तिथले पोलीस अशी माहिती इमिग्रेशनला देऊ शकतात. अशा वेळी आधी रेप क्रायसिस या मदतसंस्थेच्या ०८०८ ५०० २२२२ या चोवीस तास मोफत नंबरवर बोला आणि इमिग्रेशनचा वकील गाठा. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासूनची लंडनमधली संस्था आशियाई बायकांचे नेमके हेच गुंते सोडवते. अत्याचार करणारा नवराच असेल आणि व्हिसा त्याच्यावर अवलंबून असेल तर तिथे नक्की विचारा. नवऱ्याने केलेली जबरदस्ती हा ब्रिटनमध्ये बलात्कारच आहे.

घरी सांगायचं का

यावर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवशी फक्त एकाच माणसाला सांगा, आणि तो माणूस असा निवडा जो ‘रात्री तिथे गेलीसच कशाला’ असं विचारणार नाही. आई-बाबांचा नंबर त्यानंतर लागला तरी काही बिघडत नाही. आणि हे वाचणारी तुम्ही ती मैत्रीण असाल, तर चार शब्द पुरेत: ‘मी येते, तू थांब.’ खाकी पिशव्या, कोरडे कपडे आणि फोनचा चार्जर घेऊन जा.

आखातात क्रम वेगळा

२०१३ मध्ये दुबईत बलात्काराची तक्रार करणाऱ्या एका नॉर्वेजियन तरुणीलाच विवाहबाह्य संबंधांसह इतर आरोपांखाली १६ महिन्यांची शिक्षा झाली होती; जगभर ओरड झाल्यावर तिला माफी मिळाली. २०१६ मध्ये कतारमध्ये एका डच तरुणीच्या बाबतीत असंच घडलं. अमिरातीत कायदे त्यानंतर सैल झाले आहेत, तरी मोठी जखम किंवा जिवाचा धोका नसेल तर पोलिसांत किंवा हॉस्पिटलात एकटीने जाण्याआधी भारतीय वकिलातीला फोन करा. पण त्याच दिवशी करा, ७२ तासांचं गणित तिथेही तेच आहे. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नंबर ८०० ४६३४२. घरकामाला गेलेल्या बाईचा पासपोर्ट मालकाकडे अडकला असेल तर वकिलात परतीसाठी ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देऊ शकते. वकील, औषधपाणी, राहणं यांसाठी गरजूंना २००९ पासूनच्या इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून मदत मिळते. या फंडाचं नाव तुम्हीच काढा, समोरून कोणी सुचवेलच असं नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो भारतातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

भारतात परतल्यावर

अत्याचार करणारा भारतीय नागरिक असेल तर गुन्हा परदेशात घडला तरी भारतीय न्याय संहिता त्याला लागू होते. घराजवळच्या ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ द्या. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. पुढे खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २०८), म्हणून तिकडच्या सार्कची कागदपत्रं, इस्वाचं पत्र आणि वकिलातीशी झालेले ईमेल सोबत आणा. इथल्या सरकारी वा खासगी, कोणत्याही हॉस्पिटलला उपचार नाकारता येत नाहीत, आणि ते मोफतच करावे लागतात. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत बोटं घालून केलेली तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आहे. कोणी करू लागलं तर नाही म्हणा. झोप लागत नसेल, रात्री दचकून जाग येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. महिलांच्या मदतीसाठी १८१ आहेच.