ट्रॉलरवरचा वायरलेस आणि फिश फाइंडर: नवख्या मेकॅनिकसाठी

डिप्लोमा किंवा आयटीआय करून मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक अशा ठिकाणी बोटींचं काम धरायचं असेल, तर वायरलेसचा किंवा फिश फाइंडरचा (आवाजाच्या लहरींनी मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राचा) संच उघडायची घाई करू नका. बिघाड बहुतेक वेळा बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत नाहीतर अँटेनाच्या जोडात असतो.

नेहमीची तक्रार ठरलेली: "ऐकू येतं, पण आपलं समोर पोचत नाही." ऐकताना व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा वायरलेस) जेमतेम करंट घेतो, २५ वॉटवर बोलताना ५ अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणून मल्टिमीटर बॅटरीवर न लावता संचाच्या मागे लावा आणि बोलायचं बटण दाबून व्होल्टेज बघा. (ही चाचणी १६ नंबर चॅनलवर करायची नाही. तो संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी आहे.) बॅटरी केबिनपासून १० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वायर २० मीटर होते. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ अँपिअरला १.७ व्होल्ट तिथेच जातात, ४ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४३. १२ व्होल्टच्या बोटीवर हा फरक फार मोठा. वायर टिनचा मुलामा असलेली घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. फ्यूज बॅटरीजवळ हवा, संचाजवळ लावून मधल्या वायरीला संरक्षण मिळत नाही.

व्होल्टेज टिकलं तर अँटेनाकडे वळा. पीएल-२५९ जोडातून (अँटेनाची केबल संचाला लावायच्या पिनेतून) पाणी शिरलं की केबलच्या जाळीतून, म्हणजे मधल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तारांतून, ते वर चढत जातं. जाळी काळी-हिरवी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा, नवा जोड नीट डाग देऊन लावा, वर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. एसडब्ल्यूआर मीटर अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवतो; त्यावर १.५ च्या आत चांगलं. ३ च्या वर असेल तर बटण दाबूच नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आणखी एक चकवा: कित्येक बोटींच्या अँटेनांत मधली तार आणि जाळी आतूनच जोडलेली असतात. मल्टिमीटरने शॉर्ट दाखवला म्हणून चांगली अँटेना फेकू नका.

फिश फाइंडरवर ठिपके आले तर इंजिन बंद करून बघा. पडदा साफ झाला तर गोंगाट बहुधा अल्टरनेटरचा (इंजिनवरच्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा). संचाला बॅटरीवरून थेट, वेगळी वायर ओढा. फक्त वेगात चित्र तुटत असेल, तर ट्रान्सड्यूसरखाली (बोटीच्या तळाला बसवलेल्या, लहरी सोडणाऱ्या आणि झेलणाऱ्या भागाखाली) बुडबुडे जातायत, त्याची जागा चुकलीय.

ट्रान्सड्यूसर बदलायचं काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढलेली असतानाच धरा. लाकडी बोटीला आरपार बसणारा प्लॅस्टिकचा ट्रान्सड्यूसर नको: लाकूड पाण्याने फुगतं आणि तो तडकतो. तिथे ब्राँझचा घ्या. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर जाड रंग चढू देऊ नका, रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा. जास्तीची केबल कापू नका, गुंडाळून बांधा. बोट पाण्यात उतरली की आतून ट्रान्सड्यूसरच्या भोकाभोवती हात फिरवून ओल बघा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, कारण लाकूड फुगल्यावर नट पुन्हा तपासावा लागतो.