मशीन पाणी घेत नाही? व्हॉल्व्हच्या वायरी आधी तपासा

वॉशिंग मशीन दुरुस्ती शिकणारी मुलं हमखास विचारतात: मशीन चालू होतं पण पाणी घेत नाही, व्हॉल्व्ह (नळाचा पाइप मागे जिथे जोडतात, तिथली विजेवर उघडणारी पाण्याची झडप) बदलू का? मी सांगतो, आधी कान लावा.

पाणी घ्यायच्या वेळी मागून बारीक घूं असा आवाज येतोय, तर व्हॉल्व्हपर्यंत वीज पोचतेय. मग नळाचा पाइप सोडवून व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी बघा. टाकीतल्या गाळाने ती बुजते, जुन्या टूथब्रशने साफ होते. उलट, प्लग काढल्यावरही पाणी भरतच राहिलं तर आतला रबरी पडदा गेलाय. तिथे वायरींचा दोष नाही. आवाजच नसेल तर मात्र दोष कॉइलचा (व्हॉल्व्ह उघडणारं तारेचं वेटोळं), वायरीचा किंवा बोर्डाचा (मशीन चालवणारं सर्किट). टॉप लोड मशीन खालून उघडं असेल तर माझा पहिला संशय वायरी कुरतडणाऱ्या उंदरावर.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. नळही बंद करा. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. दोन-तीन कॉइलच्या व्हॉल्व्हवर कनेक्टरांची अदलाबदल झाली तर पाणी साबणाच्या भलत्याच कप्प्यातून येतं.

मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून कॉइलच्या दोन पिनांवर लावा. २२०-२४० व्होल्टची कॉइल साधारण ३.५ ते ५ किलोओहम दाखवते. आकडाच आला नाही तर कॉइल जळाली. आकडा आला, तर कनेक्टर परत व्हॉल्व्हवर बसवा, बोर्डाकडचं टोक काढा आणि त्याच दोन वायरींवर तिकडून मोजा. तोच आकडा यायला हवा. मोजताना वायरी हलवत राहा. आकडा ये-जा करू लागला तर आतली तांब्याची तार तुटलीय, वरून आवरण कितीही धडधाकट दिसो. व्हॉल्व्ह नवा घालूनही तक्रार परत येते ती बऱ्याचदा यामुळेच.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड मला मान्य नाही. स्पिनच्या हादऱ्यांनी तो ढिला होतो, दमट हवेत टेप सुटते. कुरतडलेला तुकडा कापा, तेवढ्याच जाडीची तांब्याची वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा (ती सोल्डरच्या आधी वायरीत ओवायची असते!). दोन वायरींचे जोड समोरासमोर नकोत, पुढेमागे ठेवा. व्हॉल्व्हजवळ वायरीला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे पाइप गळालाच तर थेंब टर्मिनलवर न जाता झोळावरून खाली पडतो. टबाला घासणार नाही अशा बेताने टाय मारा. मशीनच्या तळाला जाळी नसेल तर तीही बसवा.

कॉइल ठीक, वायरी ठीक, झाकण किंवा दाराचं लॉकही नीट लागतंय, आणि तरी आवाज नाही? मग बोर्ड वीज सोडत नसावा. ते पाहायला चालू मशीनवर व्होल्टेज मोजावं लागतं. ओल्या बाथरूममध्ये ते काम नवख्याने एकट्याने करू नये. अनुभवी माणसाला बोलवा.